सुरकुत्यांचे मलम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिवंडीस लागून असलेल्या शेलारसारख्या गावात, जेथे यंत्रमागांचा खडखडाट आणि पावसाळ्यातील भातलावणी एकाच शिवारात नांदतात, तेथील दुकानांच्या कपाटांतही आता सुरकुत्या घालविण्याचे अभिवचन देणाऱ्या डब्या विराजमान झाल्या आहेत. आणि त्यांतील नेमकी कोणती घ्यावी, हा प्रश्न गिऱ्हाइकाने बहुधा किमतीवर सोपविलेला असतो. महाग ते गुणकारी, हा पहिला गैरसमज. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने 2006 च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत असे आढळले, की सर्वोत्तम ठरलेल्या मलमांनीही सुरकुत्यांची सरासरी खोली दहा टक्क्यांहून कमीच उतरविली, आणि अतिमहाग मलम तर गुणवत्तेच्या क्रमात अगदी तळाशी बसले.

दुसरा समज असा, की सुरकुत्या केवळ वयोमानाने पडतात. वय आपला अंमल गाजवितेच. परंतु चेहऱ्याची खरी नासाडी ऊन करते. सुमारे 28 वर्षे मालमोटार हाकणाऱ्या एका अमेरिकन चालकाचे छायाचित्र 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले, त्यात खिडकीकडील डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी अधिक जराजीर्ण दिसतो; कारण सूर्याचे ‘अ’ प्रकारचे अतिनील किरण काचेतूनही आत शिरतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा भिवंडीच्या गोदामांकडे माल वाहणाऱ्यांनी उजव्या गालाची चिंता करावी. यावरचा उपाय सिद्ध झालेला आहे : ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे 903 प्रौढांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांनी रोज नेमाने सनस्क्रीन लावले त्यांच्या त्वचेवर साडेचार वर्षांत वार्धक्याची लक्षणे वाढलेली आढळली नाहीत. म्हणजे सुरकुत्यांचे पहिले मलम हे सनस्क्रीनच. आणि ज्या डबीवर ‘अ’ व ‘ब’ या दोन्ही किरणांपासून संरक्षणाचा उल्लेख नाही, ती परत ठेवावी.

मलम लावताच चेहरा तुकतुकीत झाला, म्हणजे सुरकुती गेली, असेही कित्येकजणी मानतात. वस्तुतः स्निग्ध मलमाने त्वचेत ओलावा टिकतो, ती किंचित फुगते आणि बारीक रेषा काही तासांपुरत्या झाकल्या जातात. कोलॅजेनयुक्त मलमांचीही हीच गत : सुमारे पाचशे डाल्टनहून मोठे रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत, आणि कोलॅजेनचा रेणू तर सुमारे तीन लाख डाल्टनचा! ज्याचा परिणाम खरोखर दीर्घकाल परीक्षिला गेला आहे, तो वर्ग ‘अ’ जीवनसत्त्वापासूनच्या द्रव्यांचा. त्यांपैकी ट्रेटिनॉइन हे औषध असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावे. रेटिनॉल त्याहून सौम्य, साध्या मलमांत मिळते. दोन्हींचा गुण दिसण्यास महिने लागतात, आरंभी त्वचा कोरडी पडून सोलते, ती रात्रीच लावावीत, आणि गर्भारपणी तर ती सर्वथा वर्ज्य.

आता ज्या गैरसमजास मी अक्षम्य मानतो, तो : ‘आठ दिवसांत उजळपणा’ देणारी, मजकुराविना विकली जाणारी डबी निरुपद्रवी असते, हा. 2023 साली अकोल्यातील एकाच कुटुंबातील स्त्रियांना उजळपणाच्या मलमानंतर मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा संबंध मलमातील पाऱ्याशी जोडला गेल्याचे वृत्त सर्वांनी वाचले असेल. ते मलम सुरकुत्यांचे नव्हते हे खरे. तथापि दोन्ही डब्या एकाच फळीवर ठेवलेल्या असतात आणि त्वरित फलाचा मोहही एकच. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे. शिवाय उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकद्रव्यांची यादी वेष्टनावर असणे बंधनकारक आहे.

तेव्हा खरेदीपूर्वी या मजकुराची खातरजमा करावी, किंमत मलमाच्या वजनाशी ताडून पाहावी, पावती मागावी, आणि नवे मलम प्रथम कोपराच्या आतील बाजूस काही दिवस लावून पाहावे. पुरळ उठल्यास त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे, आणि डबी संशयास्पद वाटल्यास ती फेकून न देता अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसह जमा करावी.