दर वेळी ॲसिडिटीच असते का?



घरातल्या ताईच्या पोटात, बेंबीच्या वर, दुखू लागले की आपण भारतातून आणलेला औषधांचा डबा उघडतो. "ॲसिडिटी असेल, गोळी घे!" पुष्कळदा ते खरेही असते. पण दुखणे पुन्हा पुन्हा आले तर?

रिकाम्या पोटी किंवा रात्री जळजळून दुखले, तर अल्सर म्हणजे जठरातला व्रण असू शकतो. आपण दोष देतो तिखटाला. मुख्य कारणे मात्र दोन. एक, पोटातला एक जंतू. १९८४ साली ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शल यांनी तो चक्क पिऊन पाहिला आणि जठराला सूज आणवली! (२००५ साली त्यांना नोबेल मिळाले.) दुसरे, वरचेवर घेतलेल्या ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. पाळीच्या दुखण्यावर मुली याच घेतात.

शुक्रवारच्या बिर्याणीनंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीकडे गेली, तर पित्ताशयात खडे असू शकतात. ते तरुण स्त्रियांनाही होतात, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा वजन झपाट्याने उतरवल्यावर. सोनोग्राफीत ते दिसतात.

ताईने कधी दुखले, काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे. डोळे पिवळे दिसले किंवा कळांबरोबर ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शौचाला डांबरासारखे काळे झाले किंवा रक्ताची उलटी झाली, तर लगेच ९९९ फिरवावा.