तेल्या रोगाची मूळ प्रत

गेल्या भाद्रपदांत बागलाणांतील आमच्या एका आप्तानें देवळाली कॅम्प येथील घरीं डाळिंबाचें एक अपक्व फळ आणून दाखविलें. सालीवर तेल सांडून पसरावें तसा काळपट डाग आणि डागावर आडवीतिडवी चीर. यासच तिकडे 'तेल्या' म्हणतात. "आमच्या बागेंतला रोग आणि पुस्तकांतला रोग एकच कशावरून?" असें त्यानें विचारिलें. त्या नांवावरून त्यास सारी बाग उपटावी लागणार होती.

प्रश्न पाठचिकित्सेचा असल्यामुळें आम्हांस तो परका वाटला नाहीं. हा पर्णरोग दिल्ली येथें हिंगोरानी व मेहता यांनीं १९५२ सालीं नोंदविला. १९५९ सालीं हिंगोरानी व सिंग यांनीं त्याच्या जंतूस 'झँथोमोनस प्युनिकी' असें नांव दिलें. यांतील पूर्वपद इंग्रज शास्त्रज्ञ डाउसन यांनीं १९३९ सालीं योजिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'पीत एकक' असा होतो, कारण पोषकद्रव्यावर वाढविले असतां हे जंतु पिवळे दिसतात. उत्तरपद दाडिमाच्या लॅटिन नांवावरून आलें. (आंब्यावरील अशाच एका जंतूचें वर्णन पटेल, मोनिझ व कुलकर्णी यांनीं १९४८ सालींच केलें होतें.)

परंतु नुसत्या वर्णनावरून प्रत ताडतां येत नाहीं. प्रत हातीं असावी लागते. भारतांतून गेलेला या जंतूचा एक नमुना बेल्जियममधील गेंट येथील संग्रहांत 'एलएमजी ८५९' या क्रमांकानें ठेविलेला आहे. असे नमुने गोठवून वाळवितात व निर्वात काचनळींत बंद करितात. मग ते अनेक वर्षें जिवंत राहतात. १९९५ सालीं गेंटच्या संशोधकांनीं देशोदेशींचे नमुने ताडून या कुळाची वंशावळ नव्यानें लाविली, तींत डाळिंबाच्या जंतूचें स्थानही बदललें. २०१० सालीं दक्षिण आफ्रिकेंतून याच रोगाची नोंद झाली. २०१२ सालीं चंदीगडच्या संशोधकांनीं त्या ८५९ क्रमांकाच्या नमुन्याची जनुकसंहिता वाचून प्रसिद्ध केली. आपल्या पोथ्या पाहण्यास लंडन गांठणाऱ्या आमच्या वाचकांस या प्रवासाचें नवल वाटणार नाहीं. मात्र जंतूची प्रत दुसऱ्यास दिली तरी मूळ संग्रह उणा होत नाहीं, हें सुख आपल्या वांट्यास नाहीं.

सोलापूर येथें २००५ सालीं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झालें. फळ तेथें पाठवावें असें आम्हीं सुचविलें, आणि सोबत गांव, गट क्रमांक, बहार, तोडल्याची तारीख व कलमें कोठून आणिलीं हें लिहावयास लाविलें. पावसाच्या शिंतोड्यांनीं आणि छाटणीच्या कात्रीनें रोग बागेंत पसरतो खरा, पण गांवोगांवीं तो कलमांबरोबर जातो. आप्तानें बाकी सर्व तत्परतेनें लिहिलें. कलमांची पावती मात्र त्यानें ठेविली नव्हती, आणि रोपवाटिकेचें नांवही त्यास आठवेना.