थंडीतला माग

बिबट्या किंवा तरस प्रत्यक्ष दिसलेच पाहिजे, हा हट्ट सोडला तर भोर-वेल्ह्याचा हिवाळा पुष्कळ काही सांगतो. कामथडीसारख्या गावाच्या शिवारात पहाटेच्या दवाने पायवाटेवरची धूळ बसते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ठशाच्या कडा उठून दिसतात. तोच ठसा भर दुपारी सपाट वाटतो. बिबट्याच्या ठशात नख्या सहसा उमटत नाहीत, कारण चालताना त्या आत असतात. तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. तरसाच्या नख्या उमटतात आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. हाडेही फोडून खाणाऱ्या या प्राण्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते.

ठशांवर भरवसा ठेवू नये, असा आक्षेप घेतला जातो. मोजणीपुरता तो रास्तच आहे: राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपल्याचे २००५ मध्ये उघड झाले आणि देशाने ठशांवरची गणना सोडून कॅमेरा ट्रॅपची कास धरली. पण छंदाला डोकी मोजायची नसतात. कोण, कुठल्या दिशेने गेले एवढे कळले तरी (माझ्या मते) सकाळ सार्थकी लागते. ठसा ताजा असेल तर मात्र माग सोडून परत फिरा, कपारीत डोकावू नका आणि फोटो टाकताना ठिकाण गाळा.