३८९.५० सरासरीचं काय करायचं?

जानेवारी २०२५ मध्ये वाशिमच्या पाटणी चौकात चहा घेताना ज्याच्या त्याच्या तोंडी एकच आकडा असायचा : ३८९.५०. विजय हजारे करंडकात विदर्भाचा कर्णधार करुण नायर याची ही सरासरी. आठ डाव, ७७९ धावा, पाच शतकं.

पण सरासरी काढताना धावांना डावांनी नव्हे, किती वेळा बाद झाला त्या संख्येनं भागतात. नायर बाद झाला दोनदाच. डावांनी भागलं तर उत्तर येतं साधारण ९७. तेही अफाटच, पण माणसाच्या आवाक्यातलं वाटतं. त्यामुळे छोट्या मालिकेत नुसत्या सरासरीवर मी तरी भरवसा ठेवत नाही; एखाद-दुसरा नाबाद डाव ती कुठल्या कुठं नेतो.

दुसरी बाजू वेगाची. उपांत्य सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध ध्रुव शोरी आणि यश राठोड या सलामीवीरांनी शतकं ठोकली. नायरच्या नाबाद ८८, म्हणजे धावफलकावर तिसऱ्या क्रमांकाची खेळी. मात्र त्या ४४ चेंडूंत आल्या आणि विदर्भ ३८० वर पोचला. शतक नाही म्हणून ती खेळी खाली ठेवणार?

बडोद्याच्या अंतिम सामन्यात कर्नाटकानं ३४८ केल्या. नायर २७ वर प्रसिद्ध कृष्णाच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला, विदर्भ ३६ धावांनी हरला. शोरीनं तिथंही शतक काढलं होतं. चौकात त्याचं नाव फारसं कुणी घेतलं नाही.