शंभरातले तीन कोण?

२००८ सालची गोष्ट. माझे काका रत्नागिरीजवळच्या एका गावात राहत. गणिताचे निवृत्त शिक्षक, वय ६७. पाच आठवड्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. कोल्हापूरला अँजिओग्राफी झाली, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन धमन्यांत अडथळे निघाले आणि डॉक्टरांनी बायपास शस्त्रक्रिया सुचवली. "धोका किती?" या प्रश्नाला उत्तर मिळाले, "शंभरात साधारण तीन." घरी आल्यावर काकांनी मला विचारले, "अरे, मी त्या तिघांतला की सत्त्याण्णवांतला, एवढंच सांग. टक्केवारी मीही शिकवली आहे."

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधायचे तर हे 'तीन' आले कुठून, ते आधी पाहायला हवे.

गुणांची बेरीज

डॉक्टरांनी 'युरोस्कोअर' नावाची गुणपद्धत वापरली होती. १९९५ साली युरोपातील आठ देशांच्या १२८ रुग्णालयांतून हृदयशस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १९ हजार रुग्णांची माहिती गोळा करण्यात आली. रुग्णाचे वय, फुप्फुसे व मूत्रपिंडे यांची स्थिती, आधी झालेली शस्त्रक्रिया अशा नोंदी घेतल्या आणि शेवटी रुग्ण वाचला की दगावला, हेही नोंदवले. कोणत्या गोष्टी असताना मृत्यूचे प्रमाण वाढते, हे संख्याशास्त्राच्या मदतीने शोधून त्यांपैकी १७ गोष्टी निवडल्या. जिचा परिणाम जास्त, तिला गुण जास्त. ही पद्धत १९९९ साली प्रसिद्ध झाली. परीक्षेच्या अगदी उलट, इथे जितके गुण अधिक तितका धोका अधिक.

काकांचे गुण मांडून पाहू. साठीपासून पुढे पाच-पाच वर्षांच्या प्रत्येक टप्प्याला एक गुण, म्हणून ६७ वर्षांना २. गेल्या तीन महिन्यांत झटका आलेला, त्याचे २. निरोगी हृदयाची डावी जवनिका प्रत्येक ठोक्याला आपल्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर ढकलते. काकांच्या बाबतीत हे प्रमाण ४० टक्क्यांवर आले होते, त्याचा १. एकूण ५.

मूळ अभ्यासात ० ते २ गुणांच्या गटात शेकडा एकाहून कमी रुग्ण दगावले होते, ३ ते ५ गुणांच्या गटात सुमारे ३ आणि ६ व त्याहून अधिक गुणांच्या गटात सुमारे ११. डॉक्टरांनी सांगितलेले 'तीन' ते हे.

आता समजा, काकांना दम्यासारखा फुप्फुसांचा जुना विकार असता आणि त्याची औषधे कायम चालू असती, तर आणखी १ गुण मिळून बेरीज ६ झाली असती. मग धोका एकदम तिनावरून अकरावर गेला असता का? नाही. 'सहा व अधिक' या गटात सहा गुणांचे रुग्ण असतात तसेच दहा-बारा गुणांचेही असतात. अकरा ही त्या सर्वांची सरासरी. वर्गाची सरासरी उंची म्हणजे पहिल्या बाकावरच्या मुलाची उंची नव्हे, हे आपण मुलांना सांगतोच.

चिंचोक्यांचा प्रयोग

मी काकांना म्हटले, "हा आकडा तुमचा नाही, तुमच्यासारख्या शंभर जणांचा आहे." सतरा गोष्टी सारख्या असलेली दोन माणसे इतर असंख्य बाबतींत वेगळी असतात. त्यातल्या बऱ्याच बाबी मोजलेल्याच नसतात. काही तर आधी मोजताच येत नाहीत, कारण त्या घडलेल्या नसतात. उदाहरणार्थ, शस्त्रक्रियेनंतर होणारा जंतुसंसर्ग.

काकांनी काकूंकडून चिंचोके मागवले. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. एका पिशवीत शंभर चिंचोके घ्या आणि त्यांतल्या तिनांवर खडूने खूण करा. न बघता एक काढा, नोंद करा, परत टाका, पिशवी हलवा. असे पन्नास वेळा करा. खुणेचे चिंचोके सरासरीने दीड वेळा यायला हवेत. पण मुलांचे दहा गट केले, तर त्यांतल्या साधारण दोन गटांना खुणेचा एकही चिंचोका मिळणार नाही (०.९७ चा पन्नासावा घात सुमारे ०.२२ येतो). एखाद्या गटाला मात्र चारही मिळतील. पिशवी सर्वांची सारखीच! म्हणूनच पन्नास शस्त्रक्रियांत एकही रुग्ण दगावला नाही, एवढ्यावरून एखादे रुग्णालय इतरांपेक्षा सरस ठरत नाही.

पिशवी आपली आहे का?

यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. युरोपातल्या रुग्णांवरून भरलेली पिशवी कोकणातल्या माणसाला लागू पडेल का? 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासाच्या माहितीवरून २००७ साली असे दाखवण्यात आले, की पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे, तर इतर देशांत सुमारे ५९ वर्षे होते. म्हणजे आपले रुग्ण तरुण. त्यांना वयाचे गुण कमीच मिळणार. मूळच्या १७ गोष्टींत मधुमेहाला जागा नव्हती, आणि आपल्याकडे मधुमेही किती आहेत हे सांगायला नको. शिवाय शस्त्रक्रिया सुधारत गेल्या, तसा जुना तक्ता धोका वाढवून सांगू लागला. म्हणून ४३ देशांतील २२ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर आधारलेली सुधारित पद्धत २०१२ साली आली. तीत इन्शुलिन घ्यावे लागणाऱ्या मधुमेहाचा समावेश झाला.

तरीही ताळा करून पाहावा लागतोच. तो दोन प्रकारे होतो. भाकीत केलेले मृत्यू आणि प्रत्यक्ष मृत्यू यांची संख्या जुळते का? आणि जास्त गुणांचे रुग्णच खरोखर जास्त दगावतात का? हा ताळा आपल्याच रुग्णांच्या नोंदींवर व्हायला हवा. त्यासाठी नोंदी नीट ठेवायला हव्यात.

मग आकड्याचा उपयोग काय?

तुलनेसाठी. शस्त्रक्रिया न केल्यास धोका शून्य होत नाही. १९९४ साली सात चाचण्यांतील २,६४९ रुग्णांची माहिती एकत्र मांडण्यात आली. पाच वर्षांत, औषधांवर ठेवलेल्या गटातले १५.८ टक्के रुग्ण दगावले. बायपासच्या गटात, शस्त्रक्रियेतले मृत्यू धरूनही, १०.२ टक्के. त्यानंतर औषधेही सुधारली, त्यामुळे हेच आकडे आज जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण विचाराची रीत तीच आहे. आज पत्करायचा धोका एका पारड्यात आणि पुढच्या काही वर्षांतला धोका दुसऱ्या पारड्यात.

"म्हणजे मी कुठल्या गटातला, ते तुला माहीत नाही," काका म्हणाले.

"कोणालाच नाही, काका. पण कोणती पिशवी बरी, ते सांगता येतं."

त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. दोन महिन्यांनी गावातल्या चढावर माझ्याबरोबर चालताना ते म्हणाले, "तुझा आकडा बरोबर आला रे." मी म्हटले, "नाही काका, एक चिंचोका काढून पिशवीत खुणेचे किती, ते कळत नाही." ते हसले. गणिताच्या शिक्षकाला ते पटले असावे.