शंभर दिवस, शंभर कोटी डॉलर : प्रचाराची जाहिरात आणि सर्व्हेची टक्केवारी कशी वाचायची?

निवडणुकीचा मोसम आला की दहावीची मुलं आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, सर्व्हेमध्ये अमुक माणूस पुढे आहे, म्हणजे तोच येणार ना?" घरात मोठी माणसंही वेगळं काही बोलत नाहीत. "हवा त्याचीच आहे, आपल्या एका मतानं काय फरक पडतो?" असं म्हणून काही जण मतदानाच्या दिवशी घरीच बसतात, काही जण हवेच्या दिशेनं बटण दाबून येतात. म्हणजे निर्णय आपला असतो, पण तो घेते हवा.

ही हवा तयार कशी होते? जाहिरात आणि सर्व्हे यांचं एकमेकांशी नातं काय? नागरिकशास्त्राच्या तासाला हे समजावताना आम्ही अमेरिकेतलं एक उदाहरण घेतो, मायकेल ब्लूमबर्ग यांचं. त्याची कारणं दोन. पैसा किती ओतला आणि टक्के किती वाढले याचा हिशेब इतका उघडा क्वचितच सापडतो. आणि दुसरं, या उमेदवाराच्या कारकिर्दीशी न्यूयॉर्कच्या मुसलमानांचा थेट संबंध आहे.

कोण हे ब्लूमबर्ग?

आर्थिक माहिती आणि बातम्या पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीचे मालक. जगातल्या पहिल्या काही श्रीमंतांपैकी एक. २००२ ते २०१३ अशी सलग बारा वर्षं ते न्यूयॉर्क शहराचे महापौर होते. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांनी जाहीर केलं की डेमोक्रॅटिक पक्षातर्फे आपण राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणार.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार दिल्लीत बसून ठरवल्यासारखा वरून ठरत नाही. आधी प्रत्येक राज्यात पक्षांतर्गत मतदान होतं, त्याला बहुतेक ठिकाणी प्रायमरी म्हणतात. त्यातून मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात, पण डेमोक्रॅटिक पक्षात साधारणपणे १५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर काहीच मिळत नाही. २०२० मध्ये उमेदवारी पक्की करायला पहिल्या फेरीत १,९९१ प्रतिनिधी लागणार होते.

ब्लूमबर्ग उशिरा उतरले. त्यामुळे त्यांनी आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना ही पहिली चार राज्यं सोडूनच दिली. सगळा डाव ३ मार्च २०२० वर लावला. त्या एकाच दिवशी चौदा राज्यांत मतदान होतं. अमेरिकेत त्या दिवसाला 'सुपर ट्यूसडे' म्हणतात.

जाहिरातीचा मारा

पहिल्याच आठवड्यासाठी त्यांनी टीव्हीवर तीन कोटी डॉलरपेक्षा जास्त रकमेच्या जाहिराती घेतल्या. तेव्हाच्या भावानं दोनशे कोटी रुपयांच्या वर! लोकांकडून वर्गणी त्यांनी घेतली नाही, सगळा पैसा स्वतःचा. २ फेब्रुवारीला सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात त्यांची साठ सेकंदांची जाहिरात झळकली. तिचा खर्च सुमारे एक कोटी डॉलर. इन्स्टाग्रामवर विनोदी चित्रं टाकणाऱ्या पेजेसना पैसे देऊन पोस्ट करवून घेतल्या. कॅलिफोर्नियात आपल्या ओळखीच्यांना मेसेज करून प्रचार करण्यासाठी माणसं पगारावर ठेवली.

फेब्रुवारी संपेपर्यंत फक्त जाहिरातींचा खर्च पन्नास कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. आणि एकूण प्रचाराचा खर्च शेवटी शंभर कोटी डॉलरवर, म्हणजे सुमारे सात हजार कोटी रुपयांवर पोहोचला.

त्या जाहिरातींमध्ये काय होतं? बंदुकीच्या हिंसेविरुद्धचं त्यांचं काम, आरोग्य, हवामान बदल, आणि ट्रम्प यांच्यावर टीका. एका गाजलेल्या जाहिरातीत माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्यांचं कौतुक करताना दिसत. जाहिरात पाहणाऱ्याला वाटावं की ओबामांचा यांना पाठिंबा आहे. प्रत्यक्षात ओबामांनी तोपर्यंत कुणालाच पाठिंबा दिलेला नव्हता. दृश्यं खरी होती, पण ती जुनी होती. मुलांना आम्ही इथे थांबवतो आणि सांगतो, बघा, जाहिरातीला खोटं बोलायची गरज पडत नाही. काय दाखवायचं आणि काय नाही एवढं ठरवलं तरी काम होतं.

टक्के चढले कसे?

आणि काम झालंही. नोव्हेंबरमध्ये दोन-तीन टक्क्यांवर असलेले ब्लूमबर्ग फेब्रुवारीच्या मध्याला देशभरच्या सर्व्हेंच्या सरासरीत १५ टक्क्यांच्या आसपास होते. १८ फेब्रुवारीला आलेल्या मारिस्टच्या सर्व्हेत तर बर्नी सँडर्स ३१ टक्के आणि ब्लूमबर्ग १९ टक्के, म्हणजे थेट दुसरा नंबर. याच सर्व्हेमुळे त्यांना टीव्हीवरच्या वादसभेत उभं राहण्याची पात्रता मिळाली.

पण हे टक्के फक्त जाहिरातीनं आणले का? नाही. त्याच दिवसांत जो बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. त्यांचे मध्यममार्गी मतदार बेचैन झाले आणि दुसरा पर्याय शोधू लागले. टीव्ही लावला की ब्लूमबर्ग दिसायचे. मग सर्व्हेवाल्याचा फोन आला की तेच नाव तोंडात यायचं.

१९ टक्के म्हणजे नेमके किती?

सर्व्हे करणारे सगळ्या देशाला विचारत नाहीत. बिर्याणीच्या डेगेतलं एक शीत चेपून भात शिजला का पाहतात, तसा हा प्रकार. पण डेग नीट ढवळलेली हवी, म्हणजे नमुन्यात सगळ्या वयाची, भागांची, वर्गांची माणसं योग्य प्रमाणात हवीत. आणि शितं पुरेशी हवीत.

त्या मारिस्ट सर्व्हेत डेमोक्रॅटिक बाजूचे मतदार होते सुमारे पाचशे. एवढ्या नमुन्यात पाच टक्क्यांपेक्षा थोडी जास्त चूक होऊ शकते. याला 'मार्जिन ऑफ एरर' म्हणतात. म्हणजे १९ टक्क्यांचा खरा अर्थ : १४ ते २४ च्या मध्ये कुठेतरी. मथळ्यात मात्र फक्त १९ येतात. नमुना हजाराचा घेतला तर ही चूक तीन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून जाणकार लोक एका सर्व्हेवर जात नाहीत, अनेकांची सरासरी बघतात.

दुसरी गोष्ट, तो आकडा देशभराचा होता. मतदान होणार होतं राज्यवार. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : सर्व्हे म्हणजे त्या दिवशीचा फोटो. मत अजून दिलेलं नसतं. नुसतं ओळखीचं झालेलं नाव आणि मनापासून पसंत केलेला माणूस, दोघांनाही सर्व्हेत एकसारखाच एक आकडा मिळतो.

जाहिरातीत जे नव्हतं

आता आपल्या काळजाला भिडणारा भाग.

ऑगस्ट २०११ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं एक मालिका छापली. न्यूयॉर्क पोलिसांचं एक खास पथक ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर नजर ठेवत होतं. मशिदींमध्ये खबरी बसवले जात, खुतब्यात काय बोललं गेलं त्याची नोंद होई. हॉटेलं, दुकानं, विद्यार्थ्यांच्या संघटना, सगळ्यांच्या फायली बनल्या. मुस्लिम विद्यार्थी सहलीला नदीवर गेले, तर त्यांच्यात एक गुप्त पोलिसही होता. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातही हे चाललं. या मालिकेला २०१२ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यानं शपथेवर सांगितलं की या पथकाच्या माहितीतून दहशतवादाचा एकही तपास सुरू झाला नव्हता. २०१४ मध्ये पथक बंद झालं. २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या मुसलमानांनी केलेल्या दाव्यात शहराला तडजोड करावी लागली.

हे सगळं झालं तेव्हा महापौर ब्लूमबर्ग होते. पोलिसांनी कायद्याच्या चौकटीतच काम केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२० च्या प्रचारातही त्यांनी या कामाचं समर्थनच केलं.

पण इन्साफ करायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २०१० मध्ये हल्ल्याच्या जागेजवळ इस्लामी केंद्र उभं करायला देशभर विरोध पेटला होता. तेव्हा याच ब्लूमबर्ग यांनी जाहीर भाषण करून मुसलमानांच्या हक्काची बाजू घेतली. एकाच माणसाच्या कारकिर्दीत या दोन्ही गोष्टी आहेत. साठ सेकंदांच्या जाहिरातीत यातलं कितीसं मावणार?

कृष्णवर्णीयांचा राग तर आणखी जुना होता. रस्त्यात अडवून झडती घेण्याच्या पोलिसी धोरणात एकट्या २०११ मध्ये ६ लाख ८५ हजारांपेक्षा जास्त वेळा लोकांना थांबवलं गेलं, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. २०१३ मध्ये न्यायालयानं ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. ब्लूमबर्ग यांनी माफी मागितली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये, उमेदवारी जाहीर करण्याच्या आठवडाभर आधी.

एक रात्र, आणि मग निकाल

१९ फेब्रुवारीला लास वेगासमध्ये वादसभा झाली. पहिल्यांदाच ब्लूमबर्ग जाहिरातीबाहेर, प्रतिस्पर्ध्यांच्या रांगेत दिसले. एलिझाबेथ वॉरेन यांनी झडतीच्या धोरणावरून आणि त्यांच्या कंपनीतल्या महिलांशी झालेल्या गुप्ततेच्या करारांवरून त्यांना घेरलं. उत्तरं तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रचारानं एक व्हिडिओ टाकला. "तुमच्यापैकी धंदा कुणी उभा केला आहे का?" अशा अर्थाच्या त्यांच्या प्रश्नावर बाकीचे कितीतरी वेळ गप्प उभे, मागे रातकिड्यांचा आवाज! प्रत्यक्षात शांतता क्षणभराची होती, बाकीचं कापून जोडलेलं.

मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडेन मोठ्या फरकानं जिंकले. त्याआधी तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जेम्स क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. लोकांनी आपल्या ओळखीच्या, अनेक वर्षं पाहिलेल्या माणसाचा शब्द मानला. लगेच आणखी दोन उमेदवारांनी माघार घेऊन बायडेन यांना साथ दिली.

३ मार्चला चौदापैकी दहा राज्यं बायडेन यांनी घेतली. व्हर्जिनियात ब्लूमबर्ग यांनी किती फेऱ्या मारल्या, किती पैसा ओतला. तिथे त्यांना दहा टक्केही मतं मिळाली नाहीत. ते जिंकले फक्त एका ठिकाणी, पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआ या छोट्या बेटांवर, जिथे एकूण मतंच साडेतीनशेच्या आसपास पडली. ४ मार्चला त्यांनी माघार घेतली. सुरुवातीपासून जेमतेम शंभर दिवस.

आपण घरात काय करायचं?

यातून 'पैशानं काही होत नाही' असा सोपा निष्कर्ष आम्ही काढत नाही. दोन टक्क्यांवरून पंधरावर जाणं ही पैशाचीच करामत होती. वादसभा झाली नसती, समोर ओळखीचा पर्याय नसता, तर निकाल वेगळाही लागला असता. पैसा आपल्या दारापर्यंत येतो. दार उघडायचं की नाही हे आपल्या माहितीवर ठरतं.

म्हणून पुढच्या वेळी मोबाईलवर टक्केवारी किंवा प्रचाराचा व्हिडिओ आला, की फॉरवर्ड करण्याआधी मुलांना बरोबर घेऊन एवढं विचारा :

- सर्व्हे कुणी केला, कुणाच्या पैशानं आणि कोणत्या तारखांना?
- किती लोकांना विचारलं, आणि चुकीची शक्यता किती टक्के?
- आकडा कुठला आहे, देशाचा, राज्याचा की आपल्या मतदारसंघाचा?
- व्हिडिओ मूळचा आहे की कापलेला? मागचं-पुढचं काय होतं?
- या जाहिरातीत कोणता विषय टाळलाय? या माणसानं सत्तेत असताना आपल्या वस्तीसाठी, शाळेसाठी काय केलं?

आपल्याकडे कायदाही याबाबत काही सांगतो. सगळ्या टप्प्यांचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला मनाई आहे, आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीसारख्या माध्यमांवर ओपिनियन पोलही दाखवता येत नाही. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर असा 'ताजा सर्व्हे' फिरत असेल तर तो कुठून आला हे विचाराच. फेसबुकच्या ॲड लायब्ररीत राजकीय जाहिरात कुणी दिली आणि साधारण किती खर्च झाला हे कुणालाही फुकट बघता येतं. दहावीच्या मुलाला पाच मिनिटांत जमतं. आमच्या वर्गात मुलांनी हे करून पाहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे ही हवा विकत मिळते तर!"

मिळते, बेटा. मत मात्र आपलंच असतं, तोवर तरी जोवर आपण ते हवेवर सोडून देत नाही.