दहा माणसं जमतील का? ज्यू समाजाच्या सोशल मीडियातून शिकायची एक सेवा

'सोशल मीडिया सांभाळून देणं' हा गावात बसून करता येणारा धंदा आहे, हे व्हिडिओत बघितलंच. त्यातलं एक उदाहरण तिथे घाईत झालं, ते इथे नीट मांडतो. उदाहरण आहे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजाचं.

सावलीत बसून ज्यू समाजाचा विचार कशाला, असं वाटेल. तर ऐका. महाराष्ट्रातले बहुतेक ज्यू 'बेने इस्रायल' आहेत आणि त्यांची घरची भाषा पिढ्यान् पिढ्या मराठी आहे. मूळ वस्ती रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग, पेण, रोहा भागात. धंदा तेल गाळायचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १७९६ सालचं आहे. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ज्यू उरले जेमतेम अडीच हजार. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

म्हणजे गिऱ्हाईक कसं आहे? माणसं थोडी, वय झालेली, आणि नातेवाईक दूरदेशी. आता अशांचं काम कसं करायचं ते बघू.

१. आधी त्यांची नड ओळखा

परंपरेप्रमाणे सामूहिक प्रार्थनेला १३ वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात. याला 'मिन्यान' म्हणतात. नऊच आले तर काही महत्त्वाच्या प्रार्थना म्हणताच येत नाहीत. घरात कुणी गेलं की त्याच्यासाठी म्हणायची 'कद्दिश' ही प्रार्थनाही त्यातच आली. जिथे पाच-पंचवीस घरं उरलीत, तिथे हा दर आठवड्याचा घोर आहे.

मग पेजला पाच हजार लाईक मिळवून काय उपयोग? इथे लागतो एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि त्यात एक साधा पोल: 'उद्या सकाळी कोण येणार?' सात नावं आली की उरलेल्या तिघांना सरळ फोन लावायचा. ज्येष्ठांना पोल जमत नसेल तर त्यांना आधीच फोन करा. फोन करणं हाही तुमच्या सेवेचाच भाग धरा.

२. त्यांचं कॅलेंडर पाठ करा

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी सुरू होतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर संपतो. नियम पाळणारी माणसं तेवढा वेळ मोबाईलला हात लावत नाहीत. शनिवारी सकाळी टाकलेला मेसेज वाचणार कोण? म्हणून पोल गुरुवारी, आठवण शुक्रवारी दुपारपर्यंत. सूर्यास्त रोज बदलतो, तेव्हा दर शुक्रवारी त्या गावची वेळ कळवा.

इस्रायलमधल्या नातेवाइकांसोबत ऑनलाइन भेट ठरवायची असेल तर घड्याळ बघा. भारत इस्रायलच्या साडेतीन तास पुढे आहे. उन्हाळ्यात ते घड्याळ पुढे करतात तेव्हा अडीच तास. तिकडे रविवारी कामाचा दिवस असतो. आपल्याकडे रविवारी रात्री ९ ला बोलावलं तर तिकडे संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेसहा होतात. दोघांनाही चालतं.

३. जोडून ठेवणारा मजकूर द्या

किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावं म्हणजे कोकणातली गावंच. दर आठवड्याला एक आडनाव आणि त्या गावाचा जुना फोटो टाका. मलिद्याचा विधी दाखवा: पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं आणि एलियाहू हनाबीचं स्मरण. आजी-आजोबांकडून दोन मिनिटांची आठवण मराठीत रेकॉर्ड करून घ्या. परदेशातल्या नातवंडांसाठी खाली इंग्रजी ओळी द्या. तुमची चांगली मराठी इथे भांडवल आहे.

४. काय टाकायचं नाही

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी 'नरिमन हाऊस' हे ज्यू केंद्रही लक्ष्य केलं होतं. त्यामुळे जमायची वेळ, ठिकाण, मुलांचे फोटो, फोन नंबर हे सगळं फक्त बंद ग्रुपमध्ये ठेवा. उघड्या पेजवर इतिहास, खाणं, सणाच्या शुभेच्छा. फोटो टाकण्याआधी विचारा. शब्बाथच्या दिवशी तर फोटो काढायचाच नाही.

५. पैशाचा हिशोब

लाईकवर भाव ठरवू नका, तासावर ठरवा. समजा आठवड्याला सहा तास लागतात. महिन्याचे झाले २४ तास. तासाला १५० रुपये धरले तर ३,६०० रुपये. महिन्याच्या शेवटी समितीला एका पानाचा हिशोब द्या: किती वेळा दहा जण जमले, किती ज्येष्ठांशी बोलणं झालं, परदेशातली किती घरं भेटीला आली. हे आकडे दाखवले की पुढच्या महिन्याचं काम मागावं लागत नाही.

आता आपल्या गावाकडे या

सावली, मूल, गडचिरोली भागातली किती पोरं नागपूर-पुण्याला गेलीत! मागे राहिलेलं भजन मंडळ, बुद्ध विहार समिती, शाळेचा माजी विद्यार्थी गट, सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. प्रत्येकाचे 'दहा' वेगळे: कुठे वर्गणी, कुठे टाळकरी, कुठे बैठकीची गणसंख्या.

या आठवड्याचा गृहपाठ: जवळची एक संस्था निवडा. अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटून तीनच प्रश्न विचारा. कोण आलं नाही की तुमचं काम अडतं? तुमचे लोक कोणत्या दिवशी, किती वाजता फोन बघतात? कोणती गोष्ट बाहेर जाऊ नये? उत्तरं वहीत लिहून काढा. पेज उघडायचं की नुसता ग्रुप पुरे, हे त्यानंतर ठरवा.